साबुरुआच्या माशांची नावं

मागच्या खेपेला पाणी उतरलं तेव्हा मानाउस शहराहून तीन जण आले. जाळी, पिंपं, बाटल्या, वह्या, एका होडीत मावेना एवढा पसारा. एकाच मोठ्या नदीला येऊन मिळणाऱ्या या सगळ्या नद्या, मग हिच्यातले मासे तिच्यात का नाहीत आणि तिच्यातले हिच्यात का नाहीत, हे म्हणे त्यांना शोधायचं होतं. गावच्या मांडवात बाप्यामंडळी गोळा झाली. आदेलिनो, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांच्या पुढे. आमच्या उमारी नदीचे मासे त्याने घडाघडा सांगितले. मग त्यांच्यातली चष्मेवाली मुलगी म्हणाली, "आणि साबुरुआचे?"

झालं. सगळे आढ्याकडे बघायला लागले.

माशांचं विचारायचं तर बायकांना विचारावं, पण हे शहाण्यांना कोण सांगणार. बाप्या ज्या नदीवर जन्मतो त्याच नदीवर मरतो, त्याला एकाच पाण्याचे मासे ठाऊक. बायको मात्र दुसऱ्या नदीची आणि दुसऱ्या भाषेचीच आणायची असते. आपलीच भाषा बोलणारी मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी कोण लग्न करेल? आमच्या गावात अकरा चुली आहेत आणि त्या अकरा चुलींपुढे चार नद्यांच्या बायका बसतात.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, माझी सासू साबुरुआची होती म्हणून. मी काजुबी नदीची. साबुरुआ माझी नदी नव्हे, मी ती डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. तरी तिथल्या माशांची एकोणपन्नास नावं या गावात फक्त मला येतात, मुखापासून उगमापर्यंत, ओळीने. रोज शाबूकंद किसताना मी ती पुटपुटते, आणि आमच्या नव्या सूनबाईंचं म्हणणं असं, की सासू तिला शिव्या घालते.

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

आदेलिनोने डोळे वटारले. वटारू दे. ती नावं माझी नव्हेत आणि वहीत उतरवण्यासाठी तर मुळीच नव्हेत. ती माझ्या सासूची, एर्सिलियाची. तिला जन्मात एकच गोष्ट हवी होती, आणि ती काही मोठी नव्हती. साबुरुआची मांदी मासळी तिला पोटभर खायची होती, पण आधी कुणीतरी नीट नावं घेऊन फुंकर घातलेली. एवढंच. साठ वर्षांत ते जमलं नाही.

आमची उमारी काळी. कोऱ्या कॉफीसारखं पाणी, हात घातला तर बोटं लाल दिसतात. डास नाहीत हे एक सुख. पण मासेही बेताचेच, बारके आराकू, चार काटेरी आकारा, आणि पावसाळ्यात जंगलात पाणी शिरलं की तेही हाताला लागत नाहीत. काजुबी हिरवी, नितळ, नुसती खडकांची. तिथे धबधब्याच्या दगडांवर शेवाळासारखी भाजी उगवते आणि ती चरायला पाकू येतात, ताटाएवढे. साबुरुआ मातकट. तिच्या तळाला मिशाळ मासे, त्यातली मांदी म्हणे पिवळ्या पोटाची, रस्सा केला तर वर बोटभर तेल येतं. तिन्ही नद्या शेवटी रिओ नेग्रोलाच मिळतात. पण मांदी काळ्या पाण्यात शिरत नाही आणि पाकू आपला धबधबा सोडत नाही. घर सोडायचं ते फक्त बायकांनी.

एर्सिलिया सोळाव्या वर्षी साबुरुआहून आली. होडीत बारा दिवस, मध्ये तीन धबधबे, प्रत्येक ठिकाणी होडी डोक्यावर घेऊन चालायचं. आल्यावर तिला नवऱ्याची भाषा शिकावी लागली, ती आम्हा सगळ्यांनाच लागते. पण आमच्याकडे एक सोय आहे. सासूला आम्ही आत्या म्हणतो, कारण ती खरोखरच आत्या असावी अशी पद्धत. बाईने आपल्या भावाची मुलगी सून म्हणून आणायची. म्हणजे म्हातारपणी चुलीपाशी आपली भाषा बोलणारं, आपल्या नदीच्या गोष्टी काढणारं कुणीतरी असतं. एर्सिलिया भावाला मुलगी व्हायची वाट बघत राहिली. त्याला ओळीने तीन मुलगे झाले.

म्हणून आदेलिनोने मला आणलं. मी होडीतून उतरले तेव्हा ती घाटावर उभी होती, डोक्याला फडकं, तोंडावरची रेषही हलणार नाही अशी.

"काजुबीची का?"

"हो, आत्या."

"म्हणजे दगड चाटणारे मासे खाऊन वाढलेली."

"चिखल खाणाऱ्यांपेक्षा बरे," मी म्हटलं. माझी जीभ तेव्हापासूनच अशी.

तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग वळली, घरात गेली आणि किसणी माझ्या पुढ्यात सरकवली. आमची बोलणी ही एवढी. पुढची चार वर्षं याच वळणाने गेली. बोलायचो आम्ही उमारीच्या भाषेत, ती तिच्या हेलाने, मी माझ्या. माझा रस्सा तिला पाणचट, तिचा मला मिरचीचा जाळ. ती म्हणायची, "पाकूला चव कसली, पानं चावल्यासारखा." मी म्हणायची, "मिशा असलेला मासा मी खात नाही, सासरा खाल्ल्यासारखं वाटतं." सासरा बिचारा कोपऱ्यात जाळं विणत बसलेला असायचा, तोही हसायचा. ती नाही हसायची.

आणि किसताना ती पुटपुटायची. तासन् तास. तिच्या भाषेत, खाली मान घालून, एका सुरात. मध्येच थांबायची, मागे जायची, पुन्हा तिथून पुढे. मला वाटायचं, माझा उद्धार चाललाय.

मी आदेलिनोला म्हटलं, "तुझी आई मला शिव्या घालते."

"तुला तिची भाषा कळते?"

"नाही."

"मग लागतात कशाला?"

असला नवरा. त्यानेही आईची भाषा शिकून घेतली नव्हती. मुलगे बापाची भाषा बोलतात, आईची नुसती समजून घेतात, आणि या पठ्ठ्याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. अख्ख्या गावात तिचं एक वाक्य समजणारं माणूस नव्हतं. ती कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची. मला तेव्हा ते दिसत होतं, पण दिसलं नाही. मी तरुण होते आणि मला माझंच दुःख मोठं वाटायचं.

मग मला मुलगी झाली, ओतीलिया.

बाळंतिणीचं आमच्याकडे फार कडक असतं. माशांना आपला राग असतो, आपण त्यांना मारून खातो म्हणून. बाळंतिणीने मासा खाल्ला की तो दूध होऊन बाळाच्या पोटात जातो आणि तिथे सूड घेतो. म्हणून आधी नुसती शाबूकंदाची भाकरी, फार तर भाजलेल्या मुंग्या. मग कुमू, म्हणजे गावचा मांत्रिक, येतो. तो विडी पेटवून बसतो आणि नदीच्या मुखापासून उगमापर्यंत एकेका माशाचं नाव घेतो. डोहात कोणते, धबधब्याखाली कोणते, ओढ्यात कोणते. नाव घेतलं की शब्दांनीच त्याचे दात काढतो, काटे मोडतो, आणि शेवटी अन्नावर धूर फुंकतो. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं, त्याचे काटे राहिले.

आमचा कुमू म्हणजे लाउरेआनो काका, माझ्या सासऱ्याचा धाकटा भाऊ. माणूस चांगला, फक्त स्वतःच्या आवाजावर प्रेम फार.

मी तीन आठवडे नुसत्या भाकरीवर काढले होते. पोटात आग पडायची. त्यात माझा भाऊ सिल्वेरियो भाचीला बघायला आला आणि त्याने पानात बांधून पाकू आणला, माझ्या आईने धुरावर सुकवलेला. पुडकं सोडलं आणि मला रडूच फुटलं. तो वास म्हणजे माझं माहेर होतं. लाउरेआनो काका अर्धा दिवस बसला, सगळा मंत्र म्हटला, धूर फुंकला आणि थाळी माझ्यापुढे केली. "खा, पोरी."

मी तुकडा मोडला, आणि एर्सिलियाने माझ्या हातातून थाळी हिसकावली. तडक घाटावर गेली आणि सगळा पाकू नदीत भिरकावला.

काका म्हणाला, "वहिनी, मी सकाळपासून घसा कोरडा करतोय."

"तू उमारीची नावं घेतलीस. पाकू काय उमारीत राहतो?"

"मासा तो मासा. मी सगळे घेतले."

"तुझे सगळे," ती म्हणाली.

बाहेरून आलेल्या बाईने कुमूला चारचौघांत सांगावं की तुझं चुकलं. असं कधी झालं नव्हतं. सगळं गाव काकाच्या बाजूने. मी तर त्यांच्याही पुढे. ती मला माहेरचा घास गोड लागू देत नाही, माझ्या मुलीवर तिचा डोळा आहे, तिला साबुरुआची सून हवी होती म्हणून माझ्यावर सूड उगवते, जे तोंडाला येईल ते मी बोलले. काका उठला आणि म्हणाला, ही बाई माफी मागत नाही तोवर मी या घरात कसल्याही माशावर फुंकर घालणार नाही. म्हणजे उमारीचा आराकूसुद्धा बंद. माझं दूध आधीच कमी होत चाललं होतं, ओतीलिया चोखून चोखून रडायची.

आदेलिनो म्हणाला, "आई, माफी माग आणि संपव."

ती मोडलेला कंद हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती नव्हती आणि तिची छोटी होडीही नव्हती.

"रुसली," लोक म्हणाले. "पोटात कावळे ओरडले की येईल." बायकांनी तर पैज लावली, दोन दिवस की तीन. सासरा खाली पाच वळणांपर्यंत शोधून आला. पाच दिवस गेले, आठ गेले. मी तिला मनातल्या मनात शिव्या देत होते, आणि ओतीलिया रडली की आणखी देत होते. पण किसायला बसलं की घर फार शांत वाटायचं. समोरची किसणी रिकामी.

अकराव्या दिवशी दुपारी ती आली. वल्ही मारून तळहातांची सालटी निघालेली, ओठ फुटलेले. फडक्यातून एक लहानसा भोपळा काढला, तोंड राळेने बंद केलेला, आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुझ्या बापाने दिलंय. मीठ आहे. काजुबीची सगळी नावं म्हटलीत त्यावर, धबधब्याखालचीसुद्धा. जिभेला लाव आणि मग पाकू खा. तुझ्या आईने दुसरा दिलाय, होडीत आहे."

माझा बाप माझ्या माहेरचा कुमू होता. पन्नाशीची बाई, एकटी, तो उलटा प्रवाह आणि ते खडक. मी काहीतरीच विचारलं. "बाबा काय म्हणाले?"

"म्हणाला, 'विहीणबाई, दगड चाटणाऱ्या माशांसाठी एवढ्या लांब आलात होय?' तू घरी सगळं सांगतेस वाटतं."

मग ती तशीच, हात न धुता, लाउरेआनो काकाच्या दारात गेली आणि माफी मागितली. तिचं म्हणणं खरं होतं तरी मागितली, कारण मला आराकूही हवे होते.

मी खाल्लं. ती समोर बसून मी खाते आहे ना ते बघत होती. घरात आम्ही दोघीच होतो आणि मांडीवर ओतीलिया. तेव्हा तिने सांगितलं, उमारीच्या भाषेत, शब्द शोधत शोधत.

"आदेलिनोच्या आधी मला एक मुलगी झाली होती. त्याला माहीत नाही. माझ्या भावाने मांदी पाठवली. तेव्हा लाउरेआनोचा बाप कुमू होता. तो बसला, त्याने उमारी म्हटली. मी पडद्यामागे ऐकत होते. माझा बापही कुमू, गं. मी लहानपणी किसता किसता सगळं ऐकलेलं. मांदीचं नाव आलं नाही, हे मला कळलं. पण मी सतरा वर्षांची, नवी सून, सासऱ्याला कसं सांगू? आणि भूक लागली होती. आणि तो वास. कळत होतं, तरी खाल्लं मी. मुलगी त्यानंतर नवव्या दिवशी गेली."

"आत्या, ती कशानेही गेली असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "पण मी खाल्लं होतं."

त्यानंतर तिने मांदी तोंडाला लावली नव्हती. साबुरुआची होडी आली की सगळ्यांना वाटून टाकायची आणि स्वतः मिरचीच्या पाण्यात भाकरी बुडवून खायची. मला वाटायचं, हा मोठेपणाचा आव. मी विचारलं, "मग तुम्ही किसताना काय म्हणता?"

"बापाने घेतलेली नावं. विसरू नयेत म्हणून. भावाने नाही शिकली, त्याला शाळेत याची लाज वाटायला शिकवलं. बाप गेला. आता ती नावं घेऊन फुंकर घालणारा कुणी नाही." मग म्हणाली, "एकदा मिळाली असती तर खाल्ली असती. नीट म्हटलेली. त्या मुलीच्या नावाने."

म्हणजे चार वर्षं मी ज्याला शिव्या समजत होते, ते मासे होते.

त्या दिवसापासून आमचं भांडण संपलं असं मात्र समजू नका. रस्सा पाणचटच राहिला आणि पाकू पाला राहिला. फक्त मी तिच्या समोर बसून किसताना कान देऊ लागले. अर्थ कळत नव्हता. पण रोज तेच, त्याच ओळीने ऐकलं की आपोआप बसतं. कुठे तिचा आवाज खाली जातो तिथे डोह, कुठे चढतो तिथे धबधबा, हे माझं मीच ठरवलं. दोन वर्षांत अर्धी नावं आली, पाच वर्षांत सगळी. ती अडखळायची तेव्हा पुढचं नाव माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते गिळायची.

तिला मी सांगितलं नाही. एकदाही नाही, तीस वर्षांत. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. थोडी लाज, की तिची वस्तू न विचारता उचलली. थोडा ताठा, की चिखलातल्या माशांची नावं मी का घेऊ. आणि उद्या सांगू, उद्या सांगू. समोरासमोर दोन किसण्या, मध्ये एक टोपली, आणि ती एकटीच म्हणत राहिली. याचं मला फार वाईट वाटतं. माझा बाप गेला तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

सासरा गेला. लाउरेआनो काका गेला. ओतीलियाचं लग्न होऊन ती मोठ्या नदीकाठी गेली आणि आता तिसरेच मासे खाते. सहा वर्षांपूर्वी एर्सिलिया आजारी पडली. पाय सुजले, मग पोट. होडीतून दवाखान्यात नेलं, त्यांनी औषध देऊन परत पाठवलं, वय झालंय म्हणाले. आजारी माणसालाही नावं घेतल्याशिवाय मासा देत नाहीत. काकाचा मुलगा क्लेमेंतिनो आता कुमूचं काम करतो, बापाने सांगितलेलं सगळं वहीत लिहून ठेवलंय त्याने. तो येऊन आराकूवर फुंकर घालून जायचा. ती दोन घास खायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

तेवढ्यात ओतीलियाने मोटरबोटीबरोबर एक पुडकं पाठवलं. तिचा नवरा माल घेऊन वर साबुरुआपर्यंत गेला होता. आजीसाठी मांदी, धुरावर सुकवलेली, पोटाशी अजून पिवळी.

क्लेमेंतिनोला बोलावलं. त्याने पुडकं पाहिलं आणि वही उघडलीच नाही. प्रामाणिक माणूस. म्हणाला, "काकू, ही माझ्याकडे नाही."

"माहीत आहे, बाळा," ती म्हणाली. "तू जा."

आदेलिनो चिडला. "आई, एवढ्या वर्षांत कसले काटे राहतात? खा की. मरणाऱ्या माणसाला..." तो तसाच बाहेर गेला आणि घाटावर उगाच होडीतलं पाणी उपसत बसला.

मी मांदीचा रस्सा केला. तिने सांगितला होता तसा, मिरचीचा जाळ. वर खरंच बोटभर तेल आलं. वाडगा तिच्याजवळ ठेवला. ती टांगत्या झोळीत पडून वास घेत राहिली, डोळे उघडे, हात आतच. ऊन कलून दारातून आत आलं होतं. मला बघवेना, म्हणून मी किसणी ओढली आणि कंद किसायला बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचेना. खाली मान घातली आणि मी पहिलं नाव घेतलं.

मग दुसरं. मुखाजवळचे, गढूळ संथ पाण्यातले. झोळीची दोरी करकरली. मी वर बघितलं नाही. पहिला डोह, दुसरा डोह. माझा उच्चार काजुबीचा, तिच्या कानाला टोचत असेल. एकतिसाव्या नावापाशी मी अडले. तोंडात येईना. तेव्हा झोळीतून ते नाव आलं, बारीक आवाजात. मी ते घेतलं आणि पुढे गेले. मांदीचं नाव अडतिसावं. ते घेताना माझा हात किसणीवर थांबला. मग वरचे धबधबे, मग ओढे, मग शेवटचा तो बोटाएवढा मासा, जो म्हणे झऱ्याच्या तोंडाशीच राहतो. एकोणपन्नास झाले.

तेव्हा कुठे मी वर बघितलं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती, घाटावर पहिल्या दिवशी बघितलं होतं तशी, खालून वरपर्यंत.

"कधी शिकलीस?"

"केव्हाच."

"आणि गप्प बसलीस."

"हो, आत्या."

"काजुबीच्या दगडासारखी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला फुंकर घालता येत नाही. मी बाईमाणूस, त्यात दुसऱ्या नदीची. याने काटे मोडले नाहीत. तुम्ही खाऊ नका."

"नाही खात," ती म्हणाली. वाडगा तसाच राहिला, तेल गोठत आलं होतं.

मग तिने माझा हात धरला आणि बोलायला लागली. साबुरुआच्या भाषेत. पुटपुटणं नव्हे, ओळीने नावंही नव्हेत, सरळ बोलणं, जसं आपण आपल्या माणसाशी बोलतो. भरभर, मध्ये हसत, मध्ये काहीतरी विचारत, पुन्हा पुढे. चौसष्ट वर्षांचं साठलेलं. तिचा उमारीच्या भाषेतला आवाज मी ऐकला होता, तो जाड होता. हा आवाज एखाद्या मुलीचा होता. मी मान हलवत राहिले. मला एक अक्षर कळत नव्हतं. ती कुणाचं तरी नाव सांगत होती, कशाला तरी नाही म्हणत होती, आणि शेवटी तिने एक प्रश्न विचारला. प्रश्न होता एवढं कळलं, कारण ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

ती उत्तराची वाट बघत होती. त्या भाषेत मला 'हो' येत नाही. 'नाही' येत नाही. 'मी आहे इथे', हे कसं म्हणतात ते मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला त्या भाषेत फक्त मासे येतात.

मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि पुन्हा नदीच्या मुखापासून सुरुवात केली.